पांदणीवरची सायकल

वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याला लागले की शहराला चिकटूनच नालवाडी येते. १९३२ साली विनोबा भावे येथे राहायला आले, तेव्हा ते शहराबाहेरचे छोटे खेडे होते आणि आपल्या समाजाची घरे वस्तीत मोठ्या संख्येने होती. ग्रामसेवा मंडळाचे काम व चर्मालय येथूनच चालले. आज कॉलन्या, प्लॉट आणि दुकाने वाढून नालवाडी शहरात मिसळून गेली आहे. गाव बदलले, पण वस्ती संपते तेथून शेतांमध्ये शिरणाऱ्या पांदणी अजून पूर्ण पुसल्या गेलेल्या नाहीत. त्या पांदणींबद्दलच आज वाचकांशी बोलायचे आहे.

आपल्या वस्तीत सायकल ही हौस म्हणून आली नाही. कामावर जायला, मुलांना शाळेत पोहोचवायला, बाजारातून दळण आणायला ती आली. पण आता त्या सायकलीला रस्ता उरला आहे का? बुटीबोरी-वर्धा-यवतमाळ महामार्ग चारपदरी झाला. त्यावरून ट्रक ज्या वेगाने जातात, तो पाहिल्यावर लहान मुलीला सायकल घेऊन जा म्हणायची कोणत्या आईची हिंमत होईल? समृद्धी महामार्ग तर याच जिल्ह्यातून गेला आहे, पण त्यावर सायकल आणि मोटारसायकल दोन्हींना बंदी आहे. रस्ते वाढले, मात्र पायी चालणाऱ्याचा आणि सायकलवाल्याचा रस्ता आखडला.

म्हणून आम्ही काही कार्यकर्ते सुट्टीच्या दिवशी पांदण धरतो. नालवाडीला लागूनच गोपुरीचा परिसर आहे. तेथे गीताई मंदिराशेजारी जपानी भिक्षू फुजी गुरुजींच्या प्रेरणेने उभा राहिलेला पांढराशुभ्र विश्वशांती स्तूप आहे. चारही दिशांना बुद्धमूर्ती आहेत. सकाळी तेथे थोडा वेळ बसावे, मुलांना स्तूप दाखवावा आणि मग शेतांकडे वळावे. पुढे धाम नदीकाठचे पवनार आहे, दुसरीकडे सेवाग्राम आहे. डांबरी रस्ता सोडून मुरूम टाकलेल्या वाटेवर आले की पहिली जाणीव होते ती शांततेची. मागून हॉर्न नाही, धूर नाही. एखादी बंडी, एखादा ट्रॅक्टर, गुरे घेऊन निघालेला माणूस. आपण बाजूला होतो, तो रामराम करतो, आपण जयभीम म्हणतो, आणि दोघेही पुढे जातो.

दिवाळीनंतर कपाशी फुटलेली असते, तूर फुलावर येते. बांधावरच्या बोरी जानेवारीत पिकतात. फाल्गुनात पळस पेटतो. पावसाळ्यात मात्र पांदणीच्या वाटेला जाऊ नये. आपली काळी माती मडगार्ड आणि चाकाच्या मध्ये अशी बसते की चाक फिरत नाही, आणि ज्या सायकलीवर बसायचे तीच खांद्यावर घ्यावी लागते. १९३६ साली गांधीजी मगनवाडीहून सेगावला राहायला गेले, तेव्हा तेथेही धड रस्ता नव्हता. त्याच वर्षीच्या मे महिन्यात बाबासाहेबही त्यांना भेटायला सेगावला आले होते. हेच सेगाव १९४० मध्ये सेवाग्राम झाले.

आता थोडे सातासमुद्रापलीकडे पाहू. फ्रान्सच्या खेड्यापाड्यांत अशा कच्च्या वाटांवर सायकल चालवण्याचा मोठा नाद लागला आहे. त्याला ‘ग्रॅव्हल’ म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे आपली मुरूम-खडी. जगप्रसिद्ध ‘टूर द फ्रान्स’ शर्यतीतही २०२४ साली त्र्वा शहराजवळच्या एका टप्प्यात असे १४ कच्चे तुकडे ठेवले होते, एकूण सुमारे ३२ किलोमीटर. या प्रकारासाठी खास सायकली निघाल्या असून चांगल्या सायकलीची किंमत लाखाच्या घरात जाते. त्यांचे टायर साधारण ४० मिलिमीटर रुंद असतात. वाचकहो, आपल्या वडिलांच्या काळ्या सायकलीचा २८ बाय दीडचा टायर मोजून पाहा. तोही जवळजवळ तेवढाच भरतो! ज्या सायकलीला आपली मुले जुनाट म्हणून नाके मुरडतात, ती कच्च्या रस्त्यासाठीच घडवलेली आहे.

परंतु फ्रान्सकडून शिकायची गोष्ट वेगळीच आहे. तेथे दुसऱ्या महायुद्धानंतर शेतजमिनींचे एकत्रीकरण झाले, त्यात असंख्य जुन्या शेतवाटा नांगराखाली गेल्या. ज्या उरल्या त्या गावच्या मालकीच्या मानल्या जातात, आणि लोक एखाद्या वाटेने ये-जा करतात हाच ती वाट सार्वजनिक असल्याचा एक आधार तेथील कायदा धरतो. लोकांनी जाणे सोडले की शेजारचा शेतकरी हळूहळू ती आपल्या रानात ओढतो. म्हणून २०२२ च्या कायद्याने गावांना आपल्या वाटांची मोजदाद करण्याची सोय दिली. तेव्हा तेथे सायकल घेऊन निघालेला माणूस केवळ मौज करीत नाही, तो वाट जिवंतही ठेवतो.

आपल्याकडे याहून वेगळे काय घडते? दरवर्षी एक तास आत सरकतो, काट्यांचे कुंपण पुढे येते, आणि दोन बंड्यांची पांदण एका माणसाची पायवाट होते. ज्याची जमीन आहे तो निदान भांडतो. पण आपल्यातले कितीतरी जण भूमिहीन, रोजमजुरीवर जाणारे. त्यांना वाटते, आपले शेतच नाही तर पांदणीशी आपला काय संबंध? संबंध आहे! पांदण सार्वजनिक आहे. कापूस वेचायला जाणारी बाई, शाळेत जाणारी मुलगी, सरपण आणणारी म्हातारी, सगळ्यांची आहे.

रस्त्याचे आणि वाहनाचे मोल आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. १९०१ साली मसूर स्टेशनवर लहानग्या भीमाला व त्याच्या भावंडांना जातीमुळे कोणी गाडीवान घेईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनाच गाडी हाकावी लागली. १९२९ मध्ये चाळीसगावला टांगेवाल्याने नकार दिल्याने एका सवय नसलेल्या माणसाने टांगा हाकला, अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. सायकलीला गाडीवान लागत नाही. कोणाची मेहेरबानी नाही, कोणाची परवानगी नाही. म्हणूनच मानव विकास कार्यक्रमात राज्याच्या १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली दिल्या गेल्या, तेव्हा ते आम्हाला साधे वाटप वाटले नाही. मात्र सायकल देऊन वाट बुजू दिली, तर त्या मुलीने जायचे कोठून?

काय करता येईल ते थोडक्यात सांगतो. तलाठ्याकडे किंवा भूमी अभिलेख कार्यालयात गावनकाशा पाहायला मागा. तुटक दुहेरी रेषा म्हणजे गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. तुटक एकेरी रेषा म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. प्रत्यक्ष वाट किती उरली ते टेप लावून मोजा. सार्वजनिक रस्त्यावरील अडथळा काढण्याचा अधिकार ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम ५३ ने ग्रामपंचायतीला आहे. वहिवाटीची वाट नव्याने अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ नुसार तहसीलदारांकडे सहा महिन्यांच्या आत दाद मागावी. अर्जाची पोच जरूर घ्या. ग्रामसभेत विषय मांडा आणि ठराव लिहून घ्या. तोंडी आश्वासन पावसाळ्यातल्या पांदणीसारखे असते, पाय ठेवला की खचते.

आणि हो, सायकल काढताना पंक्चरचे सामान व हातपंप बरोबर ठेवा, कारण बाभळीचा काटा जात-धर्म पाहत नाही. पक्क्या रस्त्यापेक्षा चाकात हवा किंचित कमी ठेवा. फार कमी केली तर दगडावर ट्यूब चिमटते. पाणी, गूळ-शेंगदाणे, डोक्याला रुमाल. उभ्या पिकात सायकल घालू नका, बोरे तोडताना विचारून तोडा. उन्हाळ्यात नऊच्या आत घरी परता.

बंधू-भगिनींनो, येत्या रविवारी मुलांना घेऊन आपल्या गावच्या एखाद्या पांदणीवर जा. मुलींना पुढे राहू द्या. ज्या वाटेवरून आपण रोज जातो, ती वाट आपली नाही असे म्हणायला कोणाची जीभ सहज रेटत नाही.