जामघाटाची चढण आणि हवेचे माप

इंदूरहून निमाडात उतरण्याच्या वाटा अनेक आहेत. पण महूवरून जामघाटाने जाणाऱ्या वाटेचा थाट काही निराळाच. माळव्याची काळी, सपाट भुई एकाएकी संपते आणि विंध्याच्या कड्यावर अहिल्यादेवींच्या काळातला जाम दरवाजा समोर उभा ठाकतो. पावसाळ्यात त्याच्या कमानीतून ढग ये-जा करतात. हिवाळ्यातल्या निरभ्र सकाळी खाली निमाडचा मुलूख दूरवर पसरलेला दिसतो. दरवाज्यापुढे रस्ता वळणे घेत उतरतो आणि कापूस-मिरचीच्या शेतांतून मंडलेश्वरी नर्मदेला भेटतो. शंकराचार्य आणि मंडनमिश्र यांचा वाद येथेच झाला, अशी या गावाची श्रद्धा आहे.

या गावी आमची आई राहते. वय ८१. मैयाचा काठ सोडून इंदूरच्या सदनिकेत यावयास ती तयार नाही. म्हणून हा घाट आम्हांस महिन्यातून दोनदा तरी उतरावा-चढावा लागतो. गेल्या पौषात तिच्या डोळ्याची शस्त्रक्रिया इंदुरास ठरली आणि नेमक्या त्याच सुमारास आमच्या डिझेल मोटारीने घाटात दम टाकण्यास आरंभ केला. सपाटीवर चाल ठीक असे. चढण लागली की दूधवाल्यांच्या मोटारसायकलीही पुढे निघून जात. शहरातील एका मोठ्या कारखान्यात ‘टर्बो गेला’ असे निदान होऊन ५० हजारांचा अंदाज हाती पडला होता. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी आम्ही मंडलेश्वरी पोहोचलो. उतारावर दोष कळत नाही. परंतु चारशे मीटरांहून अधिक चढ आईला घेऊन कसा चढावा, ही चिंता होती.

रस्त्याकाठच्या एका लहानशा दुकानातील मिस्त्रींनी ‘नर्मदे हर’ म्हणून आमची कैफियत ऐकली आणि पहिला प्रश्न विचारला, “धूर काळा येतो का?” येत नव्हता. “मग घाई करू नका, साहेब. टर्बो बसला असता, तर चढणीवर काळा धूर दिसला असता. इथे डिझेलच कमी मिळते आहे.”

डिझेल का कमी मिळावे, याचे उत्तर मोठे मनोरंजक आहे. हवेच्या गाळणीनंतर नळीमध्ये एक चिमुकले यंत्र असते. त्यात विजेने तापवलेली अतिशय बारीक तार किंवा पापुद्रा असतो. आत जाणारी हवा त्याला निववते. त्याची उष्णता टिकवण्यास जितकी वीज लागेल, त्यावरून हवेचे वजन कळते. बॉश या जर्मन कंपनीने ही तप्त तारेची योजना १९८० च्या दशकाच्या आरंभी मोटारींत आणली. हवेच्या मापानेच गाडीतील संगणक डिझेलची मर्यादा ठरवतो. मात्र तारेवर धूळ बसली की वारा तिला पुरता लागत नाही, ती कमी निवते आणि हवा थोडी आहे असा खोटा निरोप जातो. यंत्र बंद पडले तर धोक्याचा दिवा लागतो. ते नुसते कमी सांगू लागले, तर बहुधा लागत नाही.

मिस्त्रींनी वाचनयंत्र जोडले व आमच्यासोबत घाटाच्या पहिल्या वळणांपर्यंत आले. इंजिन दीड लिटरचे, फेऱ्या मिनिटाला ३०००. दर दोन फेऱ्यांत दीड लिटर हवा, म्हणजे सेकंदाला सुमारे ३७ लिटर, लिटरला १.१ ग्रॅम धरले, तर ४० ग्रॅम. टर्बोने दाबलेली हवा म्हणजे याहून पुष्कळच अधिक हवी. आकडा होता २८! मिस्त्रींनी गाडी थांबवून नळीला कोठे चीर आहे का ते पाहिले, नव्हती. मग त्या यंत्राची तार सोडवली. माप मिळेनासे झाले की संगणक ठरीव अंदाजाने चालतो. दिवा लागला, पण गाडी तीच चढण तरतरीत चढली. खोटे कोण बोलत होते, ते कळले.

गाळणीची कड एका बाजूस फाटलेली निघाली; निमाडची धूळ तेथूनच आत गेली होती. यंत्र बाहेर काढून त्यावर खास त्यासाठी मिळणारा द्रव फवारला. कापसाचा बोळा नाही, ब्रश नाही, दाबाची हवाही नाही. कारण स्पर्शाने ती नाजूक तार तुटते. पुरते वाळल्यावर ते परत बसवले, नवी गाळणी घातली, नोंद पुसली. त्याच चढणीवर आकडा ६० च्या वर गेला. खर्च हजाराच्या आतच आटोपला. द्रवाने गुण न येता तर ते यंत्रच बदलावे लागले असते. टर्बोला हात लावण्याचे मात्र कारण नव्हते.

दुसऱ्या दिवशी पहाटे आईने मैयाला हात जोडले आणि आम्ही निघालो. तासाभरात दरवाजा आला. धुक्यात तिला कमान दिसेना. “उतरताना दिसेल,” एवढेच ती म्हणाली. माघात ती उतरली, तेव्हा गाडी थांबवून तिने दरवाज्याचे दगड मोजले. मोठ्या अवयवाला दोषी ठरवण्याआधी त्याच्याविषयी साक्ष देणारा खरे बोलतो की नाही, हे तपासावे. मोटारीच्या बाबतीत एवढे धडपणे शिकावयास आम्हांस निमाडात उतरावे लागले.