ऑर्गनचा भाता आणि माझा गुडघा

माझ्याकडे ऑर्गन आहे असं वाघोलीत आमच्या सोसायटीत कुणाला सांगितलं, की ऐकणारा विजेवरचा कीबोर्ड समजतो. घरी येऊन पाहिल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला, 'याचा प्लग कुठंय?' प्लग नाही. कीर्तनात पूर्वी जी पायपेटी दिसायची, तिची ही थोरली बहीण. पायांनी भाता चालवायचा, हातांनी सूर धरायचे. नगर रस्त्याकडची वीज गेली तरी हिचं काही अडत नाही.

मराठी संगीत नाटकानं हे वाद्य इतकं आपलंसं केलं की ते परदेशातून, चर्चच्या प्रार्थनांतून आलंय हे आता कुणाला आठवतही नाही. हातपेटीत एक हात कायम भात्यावर अडकलेला असतो. ऑर्गनमध्ये भाता पायाकडे गेला आणि दोन्ही हात मोकळे झाले. शिवाय सूर हवा तितका लांबवता येतो. बालगंधर्वांच्या साथीला ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा असत. आपल्याकडे कादरबक्ष आणि थिरकवा खाँसाहेबांची नावं अभिमानानं घेतली जातात, मीही घेतो. पण हल्ली त्या जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकताना माझा कान ऑर्गनकडे जातो. गायक श्वास घ्यायला थांबतो तिथं मागचा सूर किंचित खाली बसतो आणि पुढच्या ओळीला पुन्हा वर येतो. हातांनी हे होत नाही. पट्टी हळू दाबा की जोरात, ऑर्गनचा आवाज तेवढाच येतो. हे पायांचं काम आहे.

आणि माझी अडचण नेमकी पायांत आहे. वय छप्पन्न, उजव्या गुडघ्याची झीज. दोन वर्षांपासून मशिदीत मी मागच्या रांगेत खुर्चीवर नमाज पढतो. डॉक्टरांनी मांडी घालणं बंद केलंय, जिने कमी करा म्हणालेत. ऑर्गनबद्दल विचारलं तेव्हा ते हसले आणि म्हणाले, 'दुखलं की थांबा.' मुलगा खराडीत नोकरी करतो, त्याच्याकडे उपाय तयार होता : 'अब्बा, मोटर बसवून टाका ना.' असं करतातही. भात्याची हवा ओढायला छोटी विजेची मोटर लावतात. ज्याचे पाय चालतच नाहीत त्यानं जरूर लावावी. पण मोटर एकसारखी ओढत राहते. तिला गाणाऱ्याचा श्वास कळत नाही. म्हणून मोटरच्या आधी पायांची रीत सुधारून बघायची, असं मी ठरवलं.

त्यासाठी दर रविवारी बसनं सदाशिव पेठेत जातो. शिकवणारे काका ऐंशीच्या घरातले, नाट्यसंगीताच्या साथीत आयुष्य गेलेलं. महिनाभर त्यांनी मला एकही पद वाजवू दिलं नाही. एक सूर धरायचा आणि फक्त पाय चालवायचे.

आधी यंत्र समजून घ्यावं लागतं. हातपेटीत भाता हवा ढकलतो. अमेरिकी घडणीच्या ऑर्गनमध्ये उलटं असतं, पेडल दाबलं की हवा आतून ओढली जाते आणि बाहेरची हवा रीडमधून आत शिरताना सूर निघतो. दोन पेडलं दोन लहान भाते चालवतात आणि त्यांच्यामागे एक मोठा भाता साठ्यासारखा असतो. साठा पुरेसा असला की पेडल पायाला कडक लागतं, कमी पडला की सैल. काकांचा पहिला धडा हाच होता : कान सुरावर आणि तळवा त्या कडकपणावर. कडक लागलं की पाय सावकाश करा, उगाच दाबू नका.

नवखा माणूस मांडीतून जोर लावतो, जिना चढल्यासारखा. सगळा भार गुडघ्यावर येतो. पेडलची बिजागरी टाचेकडे असते आणि भात्याला जाणारा पट्टा वरच्या टोकाला. म्हणून टाच टेकवून पंज्यानं वरच्या बाजूला दाबलं की कमी जोरात काम होतं. घोटा हलतो, गुडघा जवळपास जागेवर राहतो. पाय वर उचलायचाच नाही, स्प्रिंग तो परत आणून देते. बैठकही महत्त्वाची. माझं स्टूल दोन इंच उंच केलं आणि थोडं मागे सरकवलं, तेव्हा रात्रीची कळ निम्म्यावर आली.

सगळ्यात अवघड गोष्ट तालाची आहे. तबला सुरू झाला की पाय आपोआप मात्रा धरतात आणि मग प्रत्येक मात्रेला सूर हुंदका दिल्यासारखा येतो. काका ओरडतात, 'अहो, तबल्याला पाय देऊ नका! त्याचं तो बघून घेईल.' हात तालात आणि पाय तालाबाहेर, ही फारकत पचायला फार वेळ लागतो. एक पेडल अर्ध्यावर असतानाच दुसरं सुरू करायचं, म्हणजे जोड ऐकू येत नाही.

मग गुडघ्याच्या दांड्या. पट्ट्यांच्या खाली दोन लाकडी दांड्या असतात, गुडघ्यानं बाहेरच्या बाजूला ढकलायच्या. उजवीनं आतल्या झडपा उघडतात आणि आवाज फुलतो. डावीनं सगळे स्टॉप एकदम खुले होतात. झिजलेल्या गुडघ्याला ही आडवी ढकल मुळीच मानवत नाही. उपाय असा निघाला की पाऊल पेडलवरच ठेवून सगळी मांडी खुब्यातून फिरवायची, गुडघ्यानं फक्त टेकायचं. दांडीला मी नमद्याचा तुकडाही बांधलाय.

पायांवर इतकं सोपवणारं दुसरं वाद्य शोधताना अमेरिकेतली पेडल स्टील गिटार सापडली. ब्रिजभूषण काब्रांनी शास्त्रीय संगीतात आणलेल्या गिटारमध्ये मींड हातातल्या पोलादी कांडीनं निघते. पेडल स्टीलमध्ये कांडी आहेच, शिवाय डाव्या पायाखालची पेडलं आणि गुडघ्याच्या दांड्या तारा ताणतात किंवा सैल करतात, म्हणजे सूरच बदलतो. उजवा पाय आवाज सांभाळतो. तिथले वादकही दांड्या आपापल्या मांडीच्या मापानं बसवून घेतात आणि पाय न उचलता नुसता घोटा कलंडवून शेजारच्या पेडलवर जातात. हे वाचून मला बरं वाटलं. घोट्याची गोष्ट सदाशिव पेठेपुरती नव्हती तर.

आता अडतंय ते डाव्या दांडीपाशी. सगळे स्टॉप उघडले की साठा झरझर रिकामा होतो, त्यामुळे आधीच दोन पूर्ण पावलं मारून ठेवावी लागतात. विलंबित पदात ते साधतं. द्रुत लयीत अजून नाही, आणि तिथंच उजवा गुडघा बोलतो. रमजानपर्यंत असंच चालवायचं ठरवलंय. तोवर कळ वाढली नाही तर मोटरचा विषय बंद. वाढली, तर मुलाला सांगेन, घेऊन ये.