बातमी आपली, बातमीदार कुणाचा?

मराठी पत्रकारितेतला पहिला गाजलेला तुरुंगवास कोल्हापूरच्या बातम्यांपायी घडला.

करवीरच्या गादीवर तेव्हा चौथे शिवाजी महाराज होते. दत्तक आलेले, वयाने कोवळे. कारभार माधवराव बर्वे यांच्या हाती. महाराजांना वेडे ठरवून त्यांचा छळ चालला आहे, असा बोभाटा पुण्यापर्यंत गेला होता. 'केसरी' आणि 'मराठा' सुरू होऊन जेमतेम वर्ष झाले होते. हाती आलेल्या काही पत्रांच्या आधारे या दोन्ही वृत्तपत्रांनी बर्व्यांवर कडाडून टीका केली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि ती पत्रे बनावट निघाली. संपादक टिळक-आगरकरांनी माफी मागितली, तरी खटला मागे घेतला गेला नाही. जुलै 1882 मध्ये दोघांना चार महिन्यांची कैद झाली. सूट वजा जाता 101 दिवस ते मुंबईच्या डोंगरी तुरुंगात होते. त्या दिवसांवर आगरकरांनी पुढे पुस्तकही लिहिले. खटल्याच्या काळात दोघांच्या जामिनासाठी महात्मा फुले यांनी पुढाकार घेतला आणि रामशेट उरवणे दहा हजार रुपयांना जामीन राहिले. मतभेद होते, पण लिहिणारा माणूस एकटा पडू नये एवढे भान त्या काळच्या पुण्याला होते.

पुढे डिसेंबर 1883 मध्ये नगरला, पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर, महाराजांचा मृत्यू झाला. त्यांच्या हालांविषयीची हळहळ खोटी नव्हती. खोटा होता तो पुरावा. कळकळ कितीही खरी असली, तरी कागद पारखून घेण्याचे काम टळत नाही, हा या प्रकरणाचा एक धडा. तो पत्रकारितेच्या वर्गांत शिकवता येतो. दुसऱ्या धड्याकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष जात नाही. छापलेल्या मजकुराची किंमत इथे संपादकांनी मोजली. ज्यांची नावे वृत्तपत्रावर होती, तेच तुरुंगात गेले.

आजही कोणत्याही दैनिकाचे शेवटचे पान तळाशी नीट पाहिले, तर बारीक टाइपात एक ओळ सापडते. मालक, मुद्रक, प्रकाशक, छपाईचे ठिकाण, संपादकाचे नाव आणि त्यापुढे फुली मारून, बातम्यांच्या निवडीची जबाबदारी पीआरबी कायद्यानुसार यांच्याकडे. हा वृत्तपत्रे आणि पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा 1867 चा. मार्च 2024 पासून त्याची जागा नव्या कायद्याने घेतली, तरी ती ओळ ज्या तत्त्वावर उभी आहे ते जुनेच आहे: बातमी कुणीही आणो, छापली की ती पत्राची.

आता चंदगड, शाहूवाडी किंवा राधानगरीसारख्या तालुक्यातला बातमीदार डोळ्यांसमोर आणावा. स्वतःची मोटारसायकल, स्वतःचे पेट्रोल, स्वतःचा मोबाइल. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा 39 फुटांची इशारा पातळी ओलांडते, 43 फुटांच्या धोका पातळीकडे सरकते, तेव्हा गावोगावचे रस्ते बंद झाल्याच्या बातम्या हाच माणूस पाण्याच्या कडेला उभा राहून पाठवतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये पातळी 55 फुटांच्या पुढे गेली, तेव्हाही जिल्ह्याला आपल्या गावाची खबर अशाच माणसांकडून मिळाली. त्याला मिळते ते मानधन, आणि अनेकदा त्याहून मोठे असते ते जाहिरातीचे कमिशन. दिवाळी अंक, वर्धापनदिन, पुढाऱ्याचा वाढदिवस, प्रत्येक पुरवणीला त्याला टार्गेट असते. ज्या कारखान्याच्या अध्यक्षाकडे सोमवारी पानभर जाहिरात मागायची, त्याच कारखान्याने उसाची बिले थकवल्याची बातमी मंगळवारी त्याने कशी लिहायची? पत्रकारितेतल्या नीतीची चर्चा मुंबई-दिल्लीच्या परिसंवादांत होते. तिचा निकाल लागतो तो इथे, तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरच्या चहाच्या टेबलावर. 2009 च्या विधानसभा निवडणुकीनंतर महाराष्ट्रात 'पेड न्यूज'वर मोठा गदारोळ झाला आणि प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने अहवालही तयार केला. पण बातमी आणि जाहिरात एकाच हाताने गोळा करायला लावणारी पद्धत काही मोडली नाही.

एखादी बातमी झोंबली की वकिलाची नोटीस येते. मग वरून ऐकू येते, 'तो आमचा कर्मचारी नाही, बाहेरून बातम्या पाठवतो.' बातमी पहिल्या पानावर लागते तेव्हा तो 'आमचा प्रतिनिधी' असतो.

कधी प्रकरण नोटिशीवरच थांबत नाही. कोल्हापूरहून अणुस्कुरा घाट उतरला की राजापूर लागते. तिथले शशिकांत वारिसे 'महानगरी टाइम्स'साठी लिहीत. 6 फेब्रुवारी 2023 रोजी, त्यांची बातमी छापून आली त्याच दिवशी, एका गाडीने त्यांना चिरडले. उपचारांसाठी त्यांना कोल्हापूरला आणले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. पुढे खुनाचा गुन्हा दाखल झाला. पत्रकारांवरील हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्राने 2017 मध्येच कायदा केला होता. तो हल्लेखोराला तीन वर्षांपर्यंतची कैद सांगतो. वृत्तपत्राने आपल्या बातमीदाराला हल्ल्याआधी काय आधार द्यावा, हे त्यात नाही.

तसा पत्रकारांच्या हक्कांचा जुना कायदाही 2025 पर्यंत होता. 1955 च्या श्रमिक पत्रकार कायद्याने मुख्य व्यवसाय पत्रकारितेचा असलेल्या अर्धवेळ पत्रकारालाही पत्रकार मानले. मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये वैध ठरवल्या आणि 2017 मध्ये कंत्राटी पत्रकारांनाही त्या लागू असल्याचे स्पष्ट केले. पण नेमणुकीचे पत्रच हाती नसलेल्या माणसाने हे निकाल दाखवायचे कुणाला? इतरांच्या किमान वेतनासाठी अग्रलेख लिहिणाऱ्या पत्रांना हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

दर 6 जानेवारीला बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण'ची आठवण म्हणून पत्रकार दिन साजरा होतो. शाल, श्रीफळ, भाषणे होतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या संपादकांनी आणि पत्रकार संघटनांनी यंदा त्याच व्यासपीठावरून चार गोष्टी मान्य कराव्यात: प्रत्येक तालुका बातमीदाराला नेमणुकीचे पत्र, अपघात विमा, बातमीवरून खटला झाल्यास वकिलाचा खर्च, आणि जाहिराती गोळा करण्यातून कायमची सुटका. यातली एकही मागणी अवाजवी नाही.