सिल्व्हर

नाव ऐकून दागिना वाटेल. पण प्लास्टिक मोल्डिंगच्या शॉपमध्ये ‘सिल्व्हर आली’ म्हटलं की सुपरवायझरच्या पोटात गोळा येतो. मिक्सरच्या काळ्या एबीएस बॉडीवर ती विशेष खुलते. वितळलेला माल साच्यात शिरतो त्या गेटपाशी तिचा उगम, आणि माल वाहील तिकडे पसरत गेलेल्या चंदेरी रेघा, ओल्या केसांतून फणी फिरवावी तशा. पीस ट्यूबलाइटखाली सरळ धरला तर गायब. जरा कलता केला की हजर.

तिच्या बहिणी त्या मानाने सरळ. सिंक मार्क म्हणजे जाड रिबच्या पाठीवरची खळी. होल्डिंग प्रेशर वाढवलं की बऱ्यापैकी ऐकते. बर्न मार्क म्हणजे कोपऱ्यात कोंडलेली हवा दाबाने तापून माल जाळते. व्हेंट साफ केला की निघाली. सिल्व्हर मात्र कधी जास्त तापलेल्या मालातून येते, कधी स्क्रू फार मागे ओढल्याने आत गेलेल्या हवेतून, आणि बहुतेक वेळा पाण्यातून.

एबीएसचा दाणा दिसायला कोरडा ठणठणीत, पण हवेतली ओल गुपचूप पितो. बॅरलमध्ये 220-230 अंशांना त्या ओलीची वाफ होते. दाब आहे तोवर ती निमूट असते. साच्यात शिरताना दाब सुटला की बुडबुडे वर येऊन फुटतात, गार पोलादावर फरफटतात आणि तिथेच गोठतात. आपण बघतो ती रेघ म्हणजे ही फरफट. (पॉलिकार्बोनेट असेल तर प्रकरण रेघेवर थांबत नाही, ओलीने त्याच्या आतल्या साखळ्याच तुटतात आणि पीस ठिसूळ होतो.)

नोकरीच्या पहिल्या पावसाळ्यात, नाइट शिफ्टला, मी तिच्याशी चार तास झुंजलो. तापमान उतरवलं, इंजेक्शन स्पीड कमी केला, बॅक प्रेशर चढवलं. ती पाच शॉट गप्प बसे आणि सहाव्याला परत. ड्रायरचा काटा 80 वर होता, म्हणून मालावर माझा संशयच नव्हता.

शेजारच्या मशीनवरचे मामा बराच वेळ बघत होते. शेवटी आले, नोझल मागे घेतलं आणि माल पत्र्यावर सोडला. लाह्या फुटाव्यात तसा तडतड आवाज. लोंदा जरा निवल्यावर त्यांनी पकडीने तोडून दाखवला. आत अनारशासारखी जाळी.

“साहेब, मशीनला कशाला मारताय? चुरा कुठला घातला?”

नवा दाणा चार तास सुकवलेला होता. पण त्यात मिसळलेला रनरचा, म्हणजे साच्याच्या वाटेत गोठलेल्या मालाचा, चुरा ग्राइंडरखालच्या उघड्या क्रेटमध्ये दोन दिवस पडून होता, आणि वरच्या पत्र्यावर पाऊस कोसळत होता. हेल्परने तो सुकवण्याच्या भानगडीत न पडता थेट हॉपरमध्ये ओतला होता. काटा खोटं बोलला नव्हता. तो ड्रायरमधल्या हवेचं तापमान सांगत होता, चुऱ्याचं नाही.

हॉपर रिकामा केला, बॅरल परज केला, नुसता सुकवलेला दाणा लावला. पहाटे पाचच्या सुमाराला पीस आरशासारखा निघाला. लाल बिनमध्ये तोवर सत्तरेक बॉड्या साचल्या होत्या. त्या ग्राइंडरला गेल्या, पुन्हा चुरा होऊन त्याच क्रेटमध्ये आल्या. या खेपेला मामांनी क्रेटवर दाण्याची रिकामी पिशवी पसरली आणि तोंड सुतळीने करकचून बांधलं.