दोन राज्यांचे रेशन, एका गावचा दाखला

देवगाव फाट्यावरच्या आम्हा माणसांना हद्द काही नवी नाही. परतूर तालुका 1 मे 1981 रोजी परभणीतून निघून नव्या जालना जिल्ह्यात गेला. पण मंठ्याच्या बाजाराला आम्ही जात होतो तसेच जात राहिलो. राज्याची हद्द मात्र वेगळी असते, हे काकांच्या घराकडे पाहून कळले.

1972 च्या दुष्काळात काका-काकू पोटासाठी चंद्रपूर जिल्ह्यातील जिवतीच्या डोंगरात गेले. तिथल्या चौदा गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा (2014 पूर्वी आंध्र प्रदेश) ही दोन्ही राज्ये वर्षानुवर्षे हक्क सांगत आली. गावात दोन ग्रामपंचायती, दोन शाळा, एक मराठी, एक तेलुगू. घरात दोन रेशनकार्डे. चुलतभावाचे तिथे किराणा दुकान आहे. उधारीच्या वहीत दोन्ही राज्यांची गिऱ्हाइके. लोक म्हणतात, यांची तर चैन आहे! पण दुकान वाढवायला कर्ज मागितले की बँक जमिनीचा कागद मागते. जमीन वनखात्याची. 2006 च्या वनहक्क कायद्यात आदिवासी नसलेल्याला 13 डिसेंबर 2005 पूर्वीची तीन पिढ्यांची, म्हणजे 75 वर्षांची वहिवाट दाखवावी लागते. 72 साली गेलेल्यांनी ती कुठून आणावी?

मग पुतणीला कॉलेजसाठी जातीचा दाखला हवा झाला. 1990 साली बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या. पण 10 ऑगस्ट 1950 रोजी कुटुंब कुठे राहत होते, हे पाहिले जातेच. त्या दिवशी परभणी आणि ते डोंगर एकाच हैदराबाद राज्यात होते. 1956 साली राज्य वाटले गेले, आणि आता पोरीला एका कचेरीत विचारतात, ‘तुम्ही नेमके कुठले?’ तीन खेपा झाल्यावर ती आमच्याकडे आली. आमच्या पत्र्याच्या पेटीत आजोबांच्या नावाचा जुना उतारा निघाला, तेव्हा कुठे सेलूला काम पुढे सरकले.

बंधू-भगिनींनो, आपली भाऊबंद मंडळी पोटामागे कुठे कुठे गेली आहेत. गावी राहिलेल्यांनी शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, जन्ममृत्यूची नोंद, जमिनीचा जुना कागद जपून ठेवावा आणि त्याची एकेक नक्कल बाहेर गेलेल्या प्रत्येक घराला पोहोचवावी. धान्य त्यांना दोन्ही सरकारांनी दिले. लेकराच्या शिक्षणाची वाट मात्र आपल्याच पेटीतून जाते.