कलिंगडाचा हिशेब

मराठीत 'वाळवंट' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक वाळवंट राजस्थानातले किंवा अरबस्तानातले, जिथे कोसन्‌कोस पाण्याचा थेंब दृष्टीस पडत नाही. दुसरे नदीकाठचे, पंढरपूरला चंद्रभागेच्या कुशीत पसरलेले, जिथे वारकरी टाळमृदंगाच्या गजरात देहभान विसरतात. तहान आणि तृप्ती या दोहोंसाठी भाषेने एकच शब्द राखून ठेवावा, याचे मला नेहमीच नवल वाटत आले आहे. निसर्गात या दोन्ही वाळवंटांना जोडणारे एक फळ आहे, ते म्हणजे कलिंगड.

थरच्या वाळवंटात पावसाच्या चार सरींवर 'मतीरा' नावाचे कलिंगड वाढते. तिथल्या माणसांसाठी ते केवळ फळ नव्हे, तर वेलीला लागलेला पाण्याचा घडाच होय. वेल बिकानेरच्या हद्दीत रुजली, फळ मात्र नागौरच्या हद्दीत धरले, म्हणून १६४४ साली या दोन संस्थानांच्या सैन्यांत लढाई जुंपली, असे तिथे आजही सांगतात. इजिप्तमधून बाहेर पडलेल्या इस्राएली लोकांनी अरण्यात कुरकूर केली, तेव्हा त्यांना आठवली ती तिथली काकडी आणि कलिंगडे, हे जुन्या करारातील 'गणना' या पुस्तकाच्या वाचकांना ठाऊक आहेच. आपल्याकडे उन्हाळ्यात नद्यांचे पाणी ओसरले की पात्रातील वाळूत खड्डे घेऊन, त्यांत शेणखत भरून कलिंगडे आणि खरबुजे लावीत. विदर्भात अशा मळ्यांना डांगरवाड्या म्हणतात. धरणे आणि वाळूउपसा यांमुळे त्या आता विरळ झाल्या आहेत. कोकणात मात्र भाताची कापणी उरकल्यावर त्याच खाचरांत कलिंगडाच्या वेली पसरतात आणि चैत्र-वैशाखात रायगड जिल्ह्यातील रस्त्यांच्या कडेला हिरव्या फळांच्या राशी उभ्या राहतात.

माझे बालपण वसईतल्या एका वाडीत गेले. आमच्याकडे कलिंगडे नव्हती, परंतु त्यांचे सारे गोत मांडवावर नांदत असे : शिराळी, कारली, पडवळ, दुधी. कोवळे फळ धरले की माझी आई जुन्या वर्तमानपत्राचा कागद त्याच्याभोवती गुंडाळून दोऱ्याने बांधी. "माशीला दिसू नये म्हणून," असे ती सांगे. एवढ्याशा माशीची एवढी धास्ती का, हे तेव्हा कळत नसे. आज नवी मुंबईत सेवा करताना ते कळते, कारण माझ्या धर्मग्रामातील काही कुटुंबांचा चरितार्थ वाशीच्या घाऊक फळबाजारावर चालतो. क्रॉफर्ड मार्केट परिसरातला घाऊक फळबाजार १९९६ साली इकडे हलला, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या आणि परप्रांतातल्या कलिंगडांचे ट्रक पहाटे याच शहरात रिकामे होतात. त्या राशींच्या कडेला नेहमी एक छोटा ढीग बाजूला काढलेला असतो : वाकडी, डागाळलेली, एका अंगाने मऊ पडलेली फळे. त्या ढिगाकडे कुणी गिऱ्हाईक पाहत नाही. मला वाटते, शेतकऱ्याची खरी कहाणी त्या ढिगातच असते.

ती कहाणी बहुधा फळमाशीची असते. घरातल्या माशीएवढीच, तांबूस पिवळसर रंगाची ही माशी दिसायला देखणी असते. मादी कोवळ्या फळाच्या सालीला सुईसारख्या अवयवाने छिद्र पाडते आणि आत अंडी घालते. त्या जागी रसाचा एक थेंब येतो आणि वाळून डिंकासारखा होतो. बाहेरून दिसते ते इतकेच. एक-दोन दिवसांत अळ्या निघतात, आतला गर खातात, फळ तिथे वाकडे होते आणि सडू लागते. पोट भरले की अळ्या जमिनीत उतरतात, मातीत कोष करतात आणि आठवडा-दहा दिवसांत नव्या माश्या बाहेर येतात. अंडी सालीखाली, अळी गरात आणि कोष मातीत! शेतकरी वरून फवारतो ते औषध यांपैकी कुणापर्यंतच नीट पोहोचत नाही. या माशीमुळे वेलवर्गीय पिकांचे नुकसान ३० टक्क्यांपासून थेट १०० टक्क्यांपर्यंत होऊ शकते, असे शास्त्रज्ञांनी नोंदविले आहे.

माशी एकटी नसते. बी उगवून दोन पाने फुटतात न फुटतात तोच लाल भुंगेरे त्यांची चाळण करतात. नागअळी पानांवर पांढऱ्या नागमोडी रेषा काढते. मावा, पांढरी माशी आणि फुलकिडे रस शोषतात, आणि फुलकिड्यांबरोबर शेंडा करपवून टाकणारा विषाणूही येतो. म्हणून शेतकरी गादीवाफ्यावर प्लॅस्टिकचे आच्छादन अंथरतो, कोवळ्या रोपांवर पांढरे कापड झाकतो, चिकट सापळे लावतो आणि फवारतो. जेमतेम अडीच-तीन महिन्यांचे हे पीक. तेवढ्या अवधीत पैसा घालायचा आणि तेवढ्याच अवधीत तो परत मिळवायचा.

माझ्या धर्मग्रामातील एका कुटुंबाचे सोयरे अलिबाग तालुक्यात कलिंगडाची शेती करतात. ते मुंबईला आले की भेटतात. एकदा त्यांनी आपली खर्चाची वही माझ्यासमोर उघडली. बियाण्याचे पान अर्धे भरले होते, खताचे पाऊण. औषधांची मात्र तीन पाने झाली होती. मी विचारले, "एवढी फवारणी खरोखरच लागते का?" ते थोडे हसले आणि म्हणाले, "फादर, निम्मे औषध मी किडीवर मारतो आणि निम्मे भीतीवर."

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. कृषिशास्त्रात 'आर्थिक नुकसानीची पातळी' अशी एक संज्ञा आहे. तिचा अर्थ सोपा आहे. समजा, एका फवारणीला दोन हजार रुपये लागतात आणि तिच्यामुळे पंधराशे रुपयांची फळे वाचतात. तर ती फवारणी म्हणजे किडीखेरीज आणखी पाचशे रुपयांचा तोटा. कीड त्या पातळीपर्यंत पोहोचेतो हात आवरावा, असे शास्त्र सांगते. परंतु हात आवरायला धीर लागतो, आणि ज्याने उधारीवर पीक उभे केले आहे त्याने हा धीर आणावा कुठून? बहुतेक ठिकाणी सल्ला देणारा आणि औषध विकणारा माणूस एकच असतो. त्याची उधारी पीक निघाल्यावर फेडायची असते. त्याने "मारून टाका एक हात" म्हटले, तर नाही म्हणणार कोण?

शिवाय काही खर्च वहीत चढतच नाहीत. कलिंगडाच्या एकाच वेलीवर नरफुले वेगळी आणि मादीफुले वेगळी असतात. त्यांचे परागकण चिकट असल्यामुळे ते वाऱ्याने उडत नाहीत. ते नेण्याचे काम मधमाशीचे. ही फुले सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत मिटतात. नेमके त्याच वेळी औषध मारले, की फळमाशी वाचते आणि मधमाशी मरते. मग फळे कमी धरतात किंवा वेडीवाकडी होतात, आणि त्याचेही खापर किडीवर फुटते. म्हणूनच फवारायचेच असेल तर संध्याकाळी फवारावे, असे जाणते लोक सांगतात.

दुसरा अदृश्य खर्च माणसाच्या देहाचा. आमच्या या सोयऱ्यांना फवारणीनंतर चक्कर येऊ लागली, हात थरथरू लागले. त्यांच्या पत्नीने हट्ट धरला की यापुढे तुम्ही पंप पाठीला लावायचा नाही. त्यांनी तो लावला नाही. जवळच्या कातकरी वाडीवरचा एक तरुण रोजंदारीवर बोलावला. पंप त्याच्या पाठीवर गेला. वहीत त्याची मजुरी लिहिलेली होती. त्याची चक्कर कुठल्याही पानावर नव्हती.

हे मी त्या गृहस्थांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. त्यांनी स्वतःच मला ते सांगितले, आणि सांगताना त्यांची मान खाली होती. विषाची वाट उताराची असते. ते नेहमी अधिक गरिबाकडे वाहते, एवढेच मला म्हणायचे आहे. लाल भुंगेऱ्यांवर आपल्याकडे वर्षानुवर्षे कार्बारिलची भुकटी धुरळली गेली. भोपाळचा युनियन कार्बाइडचा कारखाना हेच कीटकनाशक तयार करीत असे. त्यासाठी साठविलेला वायू २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री बाहेर पडला आणि हजारो माणसे प्राणास मुकली. वेलीची दोन पाने वाचविणाऱ्या भुकटीची ती किंमत कारखान्याच्या भिंतीला लागून असलेल्या झोपड्यांनी मोजली. भारतात कार्बारिलवर बंदी आली ती २०१८ साली. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१७ मध्ये, यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले होते.

मग उपाय काय? किडीपुढे हात जोडून तर चालणार नाही. सुदैवाने याचे उत्तर शोधण्याचा आरंभ आपल्याच देशात झाला. बिहारमधील पुसा येथे काम करणाऱ्या हॉलेट नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने १९१२ साली असे नोंदविले, की सिट्रोनेला या सुवासिक गवताच्या तेलाकडे फळमाशीचे नर ओढले जातात. त्या निरीक्षणातून पुढे गंधसापळे आले. कलिंगड-काकडीवरील माशीसाठी 'क्यूल्युअर' नावाचा गंध वापरतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने तयार केलेला 'रक्षक' सापळा कोकणातल्या बागायतदारांना परिचित आहे. एकरी साधारण पाच सापळे टांगले तरी पुरतात, आणि खर्च फवारणीच्या मानाने अल्प. मात्र सापळ्यात सापडतात ते केवळ नर. म्हणून त्याच्या जोडीला किडकी फळे रोज वेचून दोन फूट खोल पुरावी लागतात, आणि पीक निघाल्यावर नांगरट करून कोष उन्हाला उघडे पाडावे लागतात.

आणखी एक अट आहे, आणि तीच सर्वांत अवघड : हे काम एकट्याचे नाही. माशीला बांध कळत नाही. मी माझी किडकी फळे पुरली आणि शेजाऱ्याने ती बांधावर फेकली, तर त्याची माशी उद्या माझ्याच फळावर बसणार. जपानमधील ओकिनावा बेटांवर १९७२ पासून मोहीम राबवून, अब्जावधी वंध्य माश्या सोडून ही कीड निपटून काढण्यात आली. ते काम १९९३ साली पूर्ण झाले. दोन दशके, सरकारचा पैसा आणि बेटांवरील सर्वांचे सहकार्य लागले, तेव्हा कुठे ते साधले. आपण बेटावर राहत नाही. परंतु गाव तर आपला आहे! आमच्या सोयऱ्यांनी पुढल्या हंगामात चार शेजाऱ्यांना राजी केले. पाचही जणांनी एकाच आठवड्यात सापळे टांगले आणि किडकी फळे एकाच खड्ड्यात पुरली. माशी नाहीशी झाली नाही. परंतु फवारण्या कमी झाल्या, आणि औषधांची तीन पाने दीड पानावर आली.

आपण शहरवासी मात्र या हिशेबातून अंग काढून घेतो. या माशीच्या वंशामुळे जपानने १९८६ पासून २००६ पर्यंत भारतीय आंबा दाराबाहेर ठेवला. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने हापूससह कारली, पडवळ यांसारख्या भाज्यांवर बंदी घातली. आंब्यावरील बंदी २०१५ साली उठली. तेव्हा वर्तमानपत्रांत मोठे मथळे आले. परदेशी गिऱ्हाइकाने फळ नाकारले की आपण हळहळतो; पण सालीवर एक ठिपका दिसताच तेच फळ आपणही बाजूला सारतो. वाऱ्याने वेल घासून पडलेला डाग आणि माशीचा डाग यांतला फरक ओळखण्याची तसदी आपण घेत नाही. निष्कलंक सालीचा आपला हा हट्टच बाजारातून मागे फिरत शेतापर्यंत जातो आणि तिथे आणखी एक फवारणी होऊन उतरतो.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांनी नवी मुंबईतल्या गच्चीवर किंवा इमारतीच्या आवारात दोडक्याचा, कारल्याचा वेल चढविलेला आहे. त्यांना माझे सांगणे एवढेच, की किडके फळ कचऱ्याच्या ढिगावर किंवा कुंडीत टाकू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून चार-आठ दिवस कडक उन्हात ठेवा. आणि बाजारात गेलात तर, सालीवर खरचटल्याची खूण असलेले पण आतून घट्ट असे एखादे कलिंगड, भाव न पाडता घरी आणा. त्याने फार मोठी क्रांती होणार नाही. परंतु कुणाच्या तरी वहीत एक फवारणी कमी लिहिली जाईल, आणि ज्याचे नाव त्या वहीत कधीच नसते, त्या तरुणाच्या पाठीवरून एका संध्याकाळपुरता का होईना, पंप उतरेल.