सोडलेल्याचा हिशेब

दिग्गीची ती मुलगी पहिल्यांदा आमच्याकडे बेळगावला राहायला आली, तेव्हा तिच्या आईने पिशवीभर कंद पाठवले होते. जोयडा तालुक्यातल्या कुणबी घरातून आलेले कंद म्हणजे मायेची भेट. मी मात्र दारातच म्हणाले, "अगं, आमच्यात कंदमूळ चालत नाही." पिशवी शेजारी देऊन टाकली. पोर काही बोलली नाही, खाली मान घालून उभी राहिली.

ती पी.यू.सी.च्या पहिल्या वर्षाला, सायन्सला. घरात कोंकणी, दहावीपर्यंत कन्नड आणि आता सगळं इंग्रजीत. रोज संध्याकाळी गणिताची वही घेऊन बसायची. पुस्तकाच्या मागची उत्तरं बघून गृहपाठ जुळवायची, नाही जुळलं की खोडायची. मी बी.ए., मराठी घेऊन. गणिताला भिऊनच आर्ट्सला गेलेली. मदत करणार तरी काय?

चाचणीच्या आदल्या आठवड्यात पर्म्युटेशन-कॉम्बिनेशनपाशी गाडं अडलं. सूत्रं तोंडपाठ होती, पण क्रम कधी मोजायचा आणि नुसती निवड कधी, हेच उमगेना. "काकू, मी आर्ट्सलाच जाते," ती म्हणाली. माझ्या पोटात धस्स झालं. हेच वाक्य मी माझ्या वडिलांना म्हटलं होतं आणि त्यांनी लगेच 'बरं' म्हणून टाकलं होतं.

सासऱ्यांच्या कपाटात सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेतला 'गणितसारसंग्रह' होता, 1963 चा, हिंदी अनुवादासह. महावीराचार्यांनी तो राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, सन 850 च्या सुमारास लिहिला. इतकी वर्षं मी त्यावरची धूळ पुसत आले, उघडला मात्र त्या रात्री. त्यात निवड मोजायची रीत आहे आणि उदाहरण चक्क स्वयंपाकघरातलं! तुरट, कडू, आंबट, तिखट, खारट, गोड या सहा चवींचे मेळ किती? 1 ते 6 आकडे ओळीने लिहायचे, त्यांखाली तेच उलटे. उजवीकडून हवे तितके वरचे आकडे गुणायचे आणि त्यांच्या खालच्यांच्या गुणाकाराने भागायचं. दोन चवींसाठी 6 गुणिले 5, भागिले 1 गुणिले 2, म्हणजे 15. एकेक चव 6, दोन-दोन 15, तीन-तीन 20, मग परत 15, 6 आणि 1. एकूण 63.

"आमटीत आधी चिंच घातली की आधी गूळ, चवींची निवड बदलते का गं?"

"नाही."

"मग ते कॉम्बिनेशन. पंगतीत कोण कुठे बसलं ते बदललं, की पर्म्युटेशन."

ती हसली. मग म्हणाली, "पण काकू, दोनाचे 15 आणि चाराचेही 15च कसे?"

मला सासूबाई आठवल्या. त्या रसपरित्याग करायच्या. दूध, दही, तूप, तेल, गोड आणि मीठ, या सहांतले दोन सोडले की उरलेले चार घ्यायला मोकळे. सोडायचे दोन ठरले की घ्यायचे चार आपोआप ठरतात. सोडण्याच्या तऱ्हा जितक्या, तितक्याच घेण्याच्या. तिने वही ओढली आणि पाच उदाहरणं सोडवली. दोन चुकली, पण का चुकली ते तिचं तिलाच सापडलं.

चाचणीत मार्क बेताचेच पडले. पण सायन्स सुटलं नाही.

मे महिन्यात तिच्याबरोबर दिग्गीला गेले. पुढे सुप्याला जिच्यावर एवढं मोठं धरण आहे, ती काळी नदी याच भागात उगम पावते. घरात चुलीवर कंद उकडत होते. माझ्यासाठी मात्र दिवस मावळायच्या आत, वेगळ्या पातेल्यात भात आणि कांदा-लसूण न घातलेली डाळ तयार होती. मी काय काय सोडते, ते पोरीने आईला एकेक करून सांगितलं होतं. त्या माउलीने काही न विसरता त्याचा हिशेब ठेवला होता.

घास गिळता गिळेना. नियम माझा होता, तो मी पाळला, त्याचं वाईट वाटत नाही. पण त्या दिवशी पिशवी हातात घेऊन, "आईने स्वतः खणले का गं?" एवढं तरी मला विचारता आलं असतं.

जेवण झाल्यावर मी चुलीपाशी गेले आणि टोपलीतला एक कच्चा कंद हातात घेऊन त्याचं नाव विचारलं. तिच्या आईने ते सांगितलं, मग दुसऱ्याचं, मग तिसऱ्याचं. पोर शेजारी बसून मोजत होती.